अंडं पाण्याबाहेर, पिल्लू पाण्यात: मिस्ट्री स्नेलची अंडी घरी उबवताना

सकाळी फिश टँकचं झाकण उचलावं आणि त्याच्या आतल्या बाजूला, पाण्यापासून चार बोटं वर, तुतीच्या फळासारखा एक फिकट गुलाबी घोस चिकटलेला दिसावा. काल रात्री तिथे काहीच नव्हतं. घरात कुणाला ती बुरशी वाटते आणि सुरीने खरवडणं सुरू होतं. कुणाला अंडी आहेत हे कळतं, पण मग "पाण्यातल्या जिवाची अंडी बाहेर राहिली, सुकून जातील की!" म्हणून तो घोस अलगद पाण्यात ढकलला जातो. ही दुसरी चूक मायेपोटी होते, म्हणून तिचं जास्त वाईट वाटतं. पाण्यात ढकललेली ती शंभर-दीडशे अंडी बुडून मरतात.

हो, बुडून. पाण्यात राहणाऱ्या गोगलगाईचं अंडं पाण्यात बुडून मरतं, हे पटायला वेळ लागतो. पण ते एकदा पटलं की पुढचं सगळं सोपं होतं. या अंड्याला ओलावा हवा, पाणी नको. इंदूरकराला हे समजावायला लांब जायला नको. सकाळी दुकानावर पोह्यांचं पातेलं उकळत्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेलं असतं. पोहे त्या वाफेने मऊ राहतात. तेच पोहे पाण्यात पडले तर लगदा होतो, आणि वाफेवरून उतरवून उघडे ठेवले तर तासाभरात वातड. घोसाचंही तसंच आहे, फक्त ऊब तेवढी नको, हाताला कोमट लागेल इतकीच हवी.

## ही नेमकी कोणती गोगलगाय?

दुकानात "मिस्ट्री स्नेल" किंवा "ॲपल स्नेल" म्हणून सोनेरी, हस्तिदंती, निळसर, जांभळट रंगाची जी मिळते, तिचं शास्त्रीय नाव पोमासिया डिफ्यूजा. मूळची दक्षिण अमेरिकेची. आपल्या तळ्यांत आणि भातखाचरांत सापडणारी पायला ग्लोबोसा तिची चुलत बहीण. पायला काठच्या ओल्या मातीत खळगा करून त्यात अंडी घालते, पोमासिया काठावरच्या देठांवर, दगडांवर चढून घालते. टँकमध्ये देठ नसतो, म्हणून ती काचेवर किंवा झाकणाला चिकटवते.

तुमच्या टँकमध्ये अंडी दिसली म्हणजे ती हिचीच, असं मात्र नाही. काचेवर पाण्याच्या आत पारदर्शक जेलीचे ठिपके दिसले तर ती रॅम्सहॉर्न किंवा ब्लॅडर स्नेलची. या जातींत एकाच गोगलगाईत नर-मादी दोन्ही अंगं असतात, शिवाय ब्लॅडर स्नेल एकटी असली तरी पिल्लं होतात, त्यांना उबवायची गरजच नसते. दगडांवर तिळासारखे कडक पांढरे ठिपके असतील तर ती नेराइटची. ती गोड्या पाण्यात वाढत नाहीत, कारण त्यांच्या पिल्लांना सुरुवातीला खारं पाणी लागतं. ती उबवण्यात वेळ घालवू नका. मलेशियन ट्रम्पेट तर अंडी दाखवतच नाही, थेट पिल्लंच देते.

पाण्याबाहेर, घोसाने, कडक कवचाची अंडी असतील तर पुढे वाचा.

## अंडं पाण्याबाहेर का घालते?

या गोगलगाई मुळात साचलेल्या, दलदलीच्या पाण्यातल्या. अशा पाण्यात प्राणवायू कमी आणि अंडी खाणारे जास्त. म्हणून मादी रात्री पाण्याबाहेर चढते. एकेक मऊ, दुधट अंडं तिच्या रुंद पायावरून सरकत येतं आणि आधीच्या अंड्याला चिकटून बसतं. हे काही तास चालतं. सकाळपर्यंत अंडी घट्ट होतात, कारण त्यांचं कवच कॅल्शियमचं असतं, कोंबडीच्या अंड्यासारखंच. आकार मात्र साबुदाण्याच्या बारीक दाण्याएवढा, दोन-अडीच मिलिमीटर.

या कवचाला सूक्ष्म छिद्रं असतात. आतला जीव त्यांतून हवा घेतो. घोस पाण्यात पडला की छिद्रं पाण्याने बंद होतात आणि जीव गुदमरतो. उलट हवा फार कोरडी असली की त्याच छिद्रांतून आतला ओलावा उडून जातो आणि अंडं आतल्या आत आकसतं. बहुतेक नुकसान या दोन्हींपैकी एकानेच होतं.

कवचाचं आणखी एक काम आहे. पिल्लू स्वतःचं कवच बांधायला अंड्यातलंच कॅल्शियम वापरतं. म्हणून दिवस भरत आले की घोस निस्तेज आणि ठिसूळ होतो. नवख्याला तो "खराब झाला" असं वाटतं, आणि नेमका त्याच वेळी तो कचऱ्यात जातो.

## जोडीच्या आधी पाणी

अंडी उबवण्याची तयारी डब्यापासून नाही, टँकच्या पाण्यापासून सुरू होते. मादीला पाण्यातून आणि खाण्यातून कॅल्शियम मिळालं नाही तर तिचं स्वतःचं कवच खड्डे पडून पांढरं होत जातं आणि अंडीही कमकुवत निघतात.

इथे एक शब्द समजून घेऊ: जीएच, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप, सोप्या मराठीत पाण्याचा जडपणा. थेंबांचं किट फिश टँकच्या दुकानात मिळतं. बहुतेक किटांत रंग बदलेपर्यंत पडलेला एक थेंब म्हणजे एक डिग्री, आणि एक डिग्री म्हणजे लिटरमागे १७.९ मिलिग्रॅम. या गोगलगाईंना ८ ते १५ डिग्री चांगलं मानवतं, म्हणजे लिटरमागे साधारण १४५ ते २७० मिलिग्रॅम. पीएच ७.२ ते ८ च्या आसपास असावा. सातच्या खाली गेला की आम्ल पाणी कवच हळूहळू खातं.

किट नसेल तर स्वयंपाकघर सांगतं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजायला कुरकुर करते, गीझरवर आणि बादलीवर पांढरे थर धरतात, साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड. माळव्याच्या काळ्या दगडातून येणारं बोरिंगचं पाणी अनेक वसाहतींत असंच असतं. माणसांना त्याचा त्रास होतो, गोगलगाईंना ते सोयीचं. नर्मदेचं नळाचं पाणी असेल तर ते एकदा तपासून घ्या आणि त्यात अँटिक्लोरीनचे थेंब टाकल्याशिवाय टँकमध्ये ओतू नका.

### पण आरओचं पाणी तर शुद्ध असतं ना?

असतं, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. आरओ पाण्यातले क्षार काढून टाकतो. कॅल्शियमही त्याच क्षारांत जातं. निव्वळ आरओच्या पाण्यात ठेवलेल्या गोगलगाईचं कवच टोकापासून झिजायला लागतं. बोरिंगचं पाणी फारच जड असेल, २० डिग्रीच्या वर, तर निम्मं-निम्मं मिसळा. एकटं आरओ वापरू नका. टीडीएसच्या मीटरवरही भिस्त ठेवू नका. तो सगळ्या क्षारांची एकूण बेरीज सांगतो, मिठाचीसुद्धा. त्यात कॅल्शियम किती, ते त्याला कळत नाही.

### मग कॅल्शियमसाठी खायचा चुना टाकला तर?

कृपा करून टाकू नका. विड्याचा चुना पाण्यात गेला की पीएच एकदम इतका चढतो की मासे आणि गोगलगाई काही तासांत जातात. कॅल्शियम हवं, पण सावकाश विरघळणारं. त्यासाठी सर्वांत चांगला समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या सागरी जिवाच्या अंगातलं पांढरं, हलकं हाड. काष्ठौषधी विकणाऱ्या पंसाऱ्याकडे समुद्रफेन म्हणून मिळतो, पाखरांच्या दुकानातही असतो. दोन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून खारटपणा काढा. सुरुवातीला तो तरंगतो, भिजला की बुडतो. ४० लिटरला काडेपेटीएवढा तुकडा पुरतो आणि झिजून संपला की नवा. अंडी खाणाऱ्या घरात कोंबडीच्या अंड्याचं टरफल दहा मिनिटं उकळून, आतला पापुद्रा काढून, कुटून वापरता येतं. रांगोळीची पूड मात्र नको, तिच्यात काय काय मिसळलंय ते कळत नाही.

आणि तांबं. घरात पिण्याचं पाणी तांब्याच्या भांड्यात ठेवायची रीत चांगली असेल, पण ते पाणी टँकमध्ये अजिबात नको, तांब्या-पितळेच्या भांड्याने पाणी उपसायचंही नाही. गोगलगाईंना तांबं अगदी थोडं असलं तरी विष आहे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या कित्येक औषधांत तांब्याचे क्षार असतात. मासे बरे होतात आणि गोगलगाई दोन दिवसांत जातात. बाटलीवर "कॉपर" लिहिलं आहे का, ते आधी वाचा.

## नर कुठला, मादी कुठली?

या जातीत नर आणि मादी वेगळे असतात. ओळखायचं असेल तर गोगलगाय पाण्याबाहेर उताणी धरा आणि ती सरळ व्हायला अंग बाहेर काढेपर्यंत मिनिटभर थांबा. कवचाच्या तोंडाशी, तिच्या स्वतःच्या उजव्या खांद्यावर, आत मांसल गुंडाळीसारखा फुगीर भाग दिसला तर नर. तिथे मोकळी पोकळी दिसली तर मादी. पहिल्या दोन-तीन वेळा नक्की कळणार नाही. हात स्थिर ठेवा आणि टँकच्या वरच धरा, म्हणजे निसटली तर पाण्यात पडेल. फरशीवर पडून फुटलेलं कवच नीट जुळून येणं कठीण असतं.

ओळखायचं जमत नसेल तर संख्येचा आधार घ्या. चार गोगलगाई घेतल्या तर चारही एकाच लिंगाच्या निघण्याची शक्यता आठात एक. सहा घेतल्या तर बत्तिसात एक. सहा घ्या.

सहांसाठी दोन फुटी टँक, ६० गुणिले ३० गुणिले ३० सेंटिमीटरचा, पुरतो. पाणी मात्र २१ सेंटिमीटरपर्यंतच भरा, म्हणजे सुमारे ३८ लिटर. वरचे नऊ सेंटिमीटर मोकळे ठेवायचे, ती अंडी घालायची जागा. काठोकाठ भरलेल्या टँकमध्ये मादीला जागा मिळत नाही आणि ती बाहेर पडून सोफ्याखाली जाते. झाकण घट्ट हवं. फिल्टर स्पंजचा घ्या, पिल्लं ओढून घेणारा नको. गोल्डफिश, सिक्लिड, लोच यांच्यासोबत गोगलगाई ठेवू नका. बेटा मासाही त्यांच्या मिशा कुरतडतो.

नर मादीच्या कवचावर चढून तासन्‌तास बसतो. त्यांना ओढून सोडवायचं नाही, ती मारामारी नव्हे. एकच गोगलगाय आणली आणि तिने महिन्याने अंडी घातली, असंही होतं. मादी नराचं बीज काही महिने शरीरात साठवून ठेवते. दुकानात झालेल्या भेटीची अंडी तुमच्या घरी येतात.

## घोस दिसला. आता चोवीस तास हात लावायचा नाही

ताजी अंडी मऊ असतात, बोट लागलं तरी फुटतात. एक दिवस जाऊ द्या. झाकणावरचा एलईडी दिवा घोसाच्या अगदी जवळ असेल तर तो बंद ठेवा, त्याच्या उबेने एक बाजू सुकते.

जागा चांगली असेल, म्हणजे पाण्यापासून पाच-सहा सेंटिमीटर वर, थेंब न पडणारी, तर घोस तिथेच राहू द्या. मादीने बहुधा योग्य जागाच निवडलेली असते, आपण हलवलं की धोका वाढतो. पण रोज झाकण उघडावं लागतं, पाण्याची पातळी चढते, किंवा टँकमधले मासे पडलेली पिल्लं खाणार असतील, तर हलवणं भाग आहे.

हलवताना बोट टँकच्याच पाण्यात बुडवून घोसाच्या कडेने ओलावा लावा आणि पाच मिनिटं थांबा. मग दोन बोटांनी, उपटायचं नाही, आडवं सरकवायचं. एका बाजूने सुटत गेला की सगळा घोस एक तुकडा म्हणून हातात येतो. सुटत नसेल तर जुनं एटीएम कार्ड काचेला सपाट टेकवून खालून सरकवा. दोन-चार अंडी फुटली तर घाबरू नका, ती टिश्यूने टिपून घ्या. फुटलेल्या अंड्याचा रस राहिला की बुरशी तिथूनच सुरू होते.

## डबा: ओलसर, पण ओला नाही

श्रीखंडाचा अर्धा किलोचा रिकामा, झाकणाचा प्लास्टिक डबा पुरे. धुताना साबण नको, गरम पाणी वापरा. झाकणाला सुईने सहा-आठ भोकं पाडा. तळाशी बिनवासाच्या साध्या टिश्यूच्या तीन घड्या, टँकच्या पाण्यात भिजवून, मुठीत घट्ट पिळून घातलेल्या. पिळल्यावर एकही थेंब पडायला नको. कढी गाळल्यानंतरच्या फडक्याइतकी ओल नको, इस्त्रीआधी पाणी शिंपडलेल्या कपड्याइतकी हवी. घोस त्या टिश्यूवर ठेवा आणि डबा टँकच्याच पाण्यावर तरंगत सोडा.

तरंगत ठेवण्याचे दोन फायदे आहेत. टँकचं पाणी २४ ते २८ अंशांत असतं, तीच ऊब डब्याला मिळते. आणि मुंग्या. कपाटावर ठेवलेल्या डब्याला रात्रीत मुंग्या लागतात आणि सकाळी फक्त टरफलं उरतात. पाण्यावरच्या डब्यापर्यंत त्यांना वाट नसते.

रोज एकदा झाकण उघडून दहा सेकंद हवा द्या आणि टिश्यूला बोट लावून पाहा. कोरडा वाटला तर कडेला चार-पाच थेंब सोडा, घोसावर नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला बाष्पाचे थेंब जमून घोसावर टपकत असतील तर झाकणाखाली कोरड्या टिश्यूची एक घडी अडकवा, किंवा डबा जरा तिरका ठेवा, म्हणजे थेंब कडेने ओघळतील. तीन-चार दिवसांनी तळाचा टिश्यू बदला.

### मे, पावसाळा आणि डिसेंबर

इंदूरचं हवामान वर्षातून तीन वेळा नियम बदलतं, आणि पुस्तकी सूचना इथेच फसतात.

मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि हवा कोरडी असते. टँकच्या आत राहिलेला घोसही कोरडा पडू शकतो, कारण आपण झाकण उघडं टाकून पाणी थंड करायला बघतो. अशा वेळी डबा बंदच बरा, दोन वेळा ओल तपासा आणि भोकं चारच ठेवा. पाणी ३० अंशांच्या वर जायला लागलं तर झाकणाऐवजी जाळी लावून वर छोटा पंखा सोडा. कूलरच्या खोलीत टँक असेल तर ओलाव्याचा प्रश्न निम्मा सुटतो. माळव्याच्या रात्री त्या मानाने निवतात, ही जमेची बाजू. गरम पाण्यात गोगलगाई भराभर वाढतात, भराभर अंडी घालतात आणि लवकर संपतात. सतत २८ अंशांत आयुष्य सुमारे वर्षभराचं असतं. थोड्या थंड पाण्यात ते बरंच वाढतं.

पावसाळा सर्वांत सोपा. हवेतच ओल असते. इथे चूक उलटी होते, उन्हाळ्याच्या सवयीने जास्त पाणी घातलं जातं आणि पांढरी लव धरते.

डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहा अंशांखाली येतो. ३८ लिटरला ५० वॉटचा हीटर, २५ अंशांवर लावलेला. पाणी उबदार आणि खोली गार, म्हणून डब्याच्या झाकणाखाली सर्वांत जास्त थेंब याच दिवसांत जमतात. टिश्यूची घडी हिवाळ्यात रोज बदलावी लागते. हीटर नसेल तर घोस मरेलच असं नाही, पण दिवस लांबत जातात आणि वाट पाहून लोक तो टाकून देतात.

## पिकला, की सडला?

साधारण दोन ते चार आठवडे लागतात, २६ अंशांच्या आसपास बहुधा तीनच्या आत. पहिला आठवडा काही दिसत नाही. दुसऱ्यात रंग मळकट, राखाडी-जांभळट होतो. अंधारात घोसाच्या मागून मोबाइलचा टॉर्च धरा. प्रत्येक अंड्यात गडद ठिपका आणि बाजूला पोकळी दिसली की जीव आहे. सगळं एकसारखं पिवळट, पारदर्शक दिसत राहिलं तर अंडी वांझ. काही घोस असे निघतातच, विशेषतः तरुण मादीचे पहिले.

पिकलेला घोस बुरसटल्यासारखा दिसतो, पण त्याला कुजका वास नसतो. डबा उघडताच नाकात जाणारी दुर्गंधी आली, अंडी दाबली जाऊन पिवळा रस सुटला, तर तो गेला. दिसण्यावर निर्णय घेऊ नका, वासावर घ्या. वरवर लव दिसली आणि वास नसला तर कोरड्या, मऊ ब्रशने ती झटका आणि थांबा. बुरशीची औषधं मारू नका.

कवच कडेने फाटायला लागलं, एखादं पिल्लू टिश्यूवर चालताना दिसलं की वेळ आली. आता, आणि फक्त आताच, घोसाला पाण्याचा स्पर्श चालतो. तो टँकच्या पाण्याच्या वाटीत धरून हलके हलके फिरवला की पिल्लं सुटून तळाशी बसतात. दोन मिलिमीटरची, राईच्या दाण्याएवढी, पण मिशा आणि सोंडेसकट पूर्ण गोगलगाय. जी सुटत नाहीत त्यांना चिमट्याने ओढू नका. उरलेला तुकडा पुन्हा डब्यात ठेवा, दिवसभराने बाकीची येतील. रिकामी टरफलंही पिल्लांच्या भांड्यात टाका, त्यांचं पहिलं कॅल्शियम तेच.

घोस चुकून पाण्यात पडला आणि तासाभरात कळलं, तर टिपून डब्यात ठेवा, बरीच अंडी वाचतात. रात्रभर बुडालेल्याची आशा कमी.

## पिल्लांचे पहिले सहा आठवडे

अंडी उबवणं लोकांना जमतं, पिल्लं इथे जातात. मोठ्या टँकमध्ये सोडली की त्यांना अन्न सापडत नाही. पहिले दोन आठवडे जाळीची ब्रीडिंग पेटी किंवा वेगळा दहा लिटरचा टँक वापरा. त्यात जुन्या टँकचंच पाणी आणि त्यातलाच, आधीपासून चालू असलेला स्पंज फिल्टर घ्या. नव्या स्पंजात माशांची-गोगलगाईंची घाण पचवणारे जिवाणू नसतात, त्या घाणीतून सुटणारा विषारी अमोनिया साठतो आणि पिल्लं कवचाच्या तोंडाचं झाकण मिटून तळाशी पडून राहतात. आठवड्यातून दोनदा पाव पाणी बदला.

खायला चिमूटभर बारीक केलेलं माशांचं खाद्य, शक्यतो स्पिरुलिनाचं, आणि उकडलेला पालक, दुधी, काकडी. भाजी आधी नीट धुऊन थोडा वेळ भिजवा, फवारणीचं औषध राहिलं तर पिल्लं पहिल्या घासाला जातात. मीठ अजिबात नको. उरलेलं बारा तासांत काढा.

एक खाद्य घरी करून ठेवण्यासारखं आहे. उकडलेला पालक आणि दुधी वाटून एक वाटी, म्हणजे २०० मिलिलिटर. त्यात चहाचा सपाट चमचा अगर पावडर, म्हणजे चायना ग्रासची पूड, घालून सतत ढवळत तीन मिनिटं उकळा. उकळी कमी पडली तर ते आवळून येत नाही. आच बंद करून दोन मोठे चमचे माशांचं कुटलेलं खाद्य आणि एक चहाचा चमचा समुद्रफेसाची पूड मिसळा, ताटलीत ओता. गार झाल्यावर वड्या पाडा. साखरेची चायना ग्रासची तयार पाकिटं घेऊ नका, साधी पूड घ्या. फ्रीझरमध्ये महिनाभर टिकतं. काढल्यावर थोडं पाणी सुटतं, त्याने बिघडत नाही. नखाएवढा तुकडा पन्नास पिल्लांना एक दिवस पुरतो.

रंगाबद्दल उत्सुकता असते, म्हणून एवढंच: दोन सोनेरी आई-बापांच्या घोसातून हस्तिदंती पिल्लं निघाली तर फसवणूक झाली असं समजू नका. पिवळा रंग वरचढ असतो, त्याच्या आड बिनपिवळा गुण दडून राहतो आणि पुढच्या पिढीत वर येतो.

## एवढ्या पिल्लांचं करायचं काय?

हा प्रश्न घोस डब्यात ठेवण्याआधी विचारायचा आहे. चांगलं खाणारी मादी एक-दोन आठवड्यांनी पुन्हा घालू शकते, आणि तीन-चार महिन्यांत पिल्लंही वयात येतात. तुम्हाला दहा हवी असतील तर एकच घोस ठेवा, त्यातलाही तुकडा. बाकीचे पहिल्या दोन-तीन दिवसांतच, आत जीव आकाराला येण्याआधी, पिशवीत घालून ४८ तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग ओल्या कचऱ्यात द्या.

"तळ्यात सोडल्या तर काय बिघडलं, तिथे त्या सुखाने राहतील" असं अनेकांना मनापासून वाटतं. इंदुरात तरी हे बोलताना थांबावं. सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ साली रामसर यादीत आले, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागा ठरले. जानेवारी २०२५ मध्ये इंदूरला पाणथळ शहराचं मानांकन मिळालं, उदयपूरसोबत भारतातलं पहिलंच. अशा पाण्यात परक्या गोगलगाई सोडल्या की काय होतं, ते पोमासिया कॅनालिक्युलाटा या तिच्याच सख्ख्या नात्यातल्या जातीने दाखवलं आहे. १९८० च्या सुमारास ती खाण्यासाठी तैवानमध्ये आणली गेली, शेतांत सुटली आणि आग्नेय आशियात भाताची कोवळी रोपं फस्त करत पसरली. जगातल्या सर्वांत घातक शंभर परक्या जातींच्या यादीत ती आहे.

आपली डिफ्यूजा सहसा शेवाळ आणि कुजकी पानं खाते, निरोगी झाडांना तोंड लावत नाही. पण दुकानात दोन्हींत गल्लत होऊ शकते. कॅनालिक्युलाटाच्या कवचाच्या वेटोळ्यांमध्ये खोल खाच असते, डिफ्यूजाचे खांदे सपाट आणि खाच उथळ. कॅनालिक्युलाटाची अंडी भडक गुलाबी, जवळजवळ गुलालासारखी, शिवाय विषारी. तसा घोस दिसला आणि टँकमधली हिरवी रोपं रात्रीतून बोडकी झाली, तर तो उबवू नका, हातमोजे घालून थेट फ्रीझरमध्ये. खान नदी, नाला, बगिच्यातलं तळं, संडासचा फ्लश, यांपैकी काहीही नको, जात कुठलीही असो.

मुलांना या कामात घ्यायला हरकत नाही, टॉर्च लावून अंड्यातला ठिपका त्यांनीच पाहावा. टँकमध्ये हात घातल्यावर साबणाने धुवायचे, एवढी सवय लावा. गोगलगाईंच्या अंगी माणसाला बाधणारे जंतू आणि कृमी असू शकतात.

देण्याघेण्याचं वय म्हणजे कवच दीड सेंटिमीटरचं झालं की, साधारण दोन महिन्यांनी. त्याआधी दिलेली पिल्लं नव्या पाण्यात टिकत नाहीत. भोपाळ किंवा उज्जैनला पाठवायच्या असतील तर पाण्याच्या पिशवीत घालू नका. प्रवासात त्याच पाण्यात त्यांची घाण साठते आणि त्या गुदमरतात. प्रत्येक गोगलगाय ओल्या, पिळलेल्या टिश्यूत गुंडाळा आणि भोकांच्या डब्यात एकमेकींवर आदळणार नाहीत अशा बेताने भरा. तो डबा थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, उन्हाळ्यात रात्रीच्या बसने पाठवा. कवचाचं झाकण मिटून गोगलगाई अशा दोन दिवस सहज काढतात. तिकडे पोचल्यावर पाण्यात सोडलं की काही तासांत मिशा बाहेर येतात.